सुसंगतीचे ओझे : ब्राउझरच्या पूरक साधनांचा इतिहास (१९९५–२०२४)

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकविषयक लेखनात 'सुसंगती' हा शब्द बहुधा एखाद्या गुणाचा वाचक म्हणून योजला जातो. अमुक साधन अमुक ब्राउझरशी सुसंगत आहे, तमुक नाही, असे म्हटले की त्या साधनाच्या अंगचा एखादा धर्मच सांगितला गेला, असा समज होतो. ऐतिहासिक दृष्टीने पाहता ही समजूत टिकत नाही. काल सुसंगत असलेले साधन आज विसंगत ठरते, आणि मधल्या काळात त्या साधनाचे एक अक्षरही बदललेले नसते. बदललेला असतो तो ब्राउझर. सुसंगती हा दोन पक्षांमधील संबंध आहे, आणि तो टिकवावयाचा तर कोणाला तरी सतत श्रम करावे लागतात. हे श्रम वेळोवेळी कोणाच्या माथी आले आणि ते एका पक्षाकडून दुसऱ्याकडे का सरकत गेले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभी दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. ब्राउझरला मुळात दाखविता न येणारा मजकूर, म्हणजे चलच्चित्रे, ध्वनी, विशिष्ट धाटणीचे दस्तऐवज इत्यादी, पृष्ठाच्या चौकटीत दाखविणारा स्वतंत्र कार्यक्रम म्हणजे प्लगइन. खुद्द ब्राउझरच्याच वर्तनात फेरफार करणारा, त्याला नवी बटणे, नव्या खिडक्या किंवा नव्या सवयी देणारा कार्यक्रम म्हणजे एक्स्टेन्शन. बोलण्यात या दोहोंना सरसकट प्लगइन म्हटले जात असले, तरी त्यांची घडण वेगळी आहे आणि त्यांचा अंतही वेगळ्या कारणांनी झाला. वेब डेव्हलपरची साधने मुख्यतः दुसऱ्या प्रकारातून उदयास आली. यास्तव विवेचनाचा अधिक भाग एक्स्टेन्शनला दिला आहे.

२. प्लगइनचे युग आणि पृष्ठकर्त्याचे दुहेरी लेखन

प्रारंभीच्या ब्राउझरपुढे अनोळखी धाटणीची फाइल आली की तो ती संगणकावरील दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमाच्या हवाली करीत असे. तो कार्यक्रम स्वतःची वेगळी खिडकी उघडी आणि वाचकाचा पृष्ठाशी संबंध तेवढ्यापुरता तुटे. १९९५ च्या अखेरीस चाचणीसाठी आलेल्या आणि १९९६ च्या आरंभी पूर्ण झालेल्या नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीने यावर तोड काढली. बाहेरच्या कार्यक्रमाने ब्राउझरशी कसे बोलावे, याचे नियम तिने ठरवून दिले. हे नियम पुढे एनपीएपीआय या नावाने ओळखले गेले. प्लगइन हा यंत्रभाषेत उतरविलेला कार्यक्रम असल्यामुळे विंडोज, मॅकिंटॉश आणि युनिक्स यांसाठी तो निरनिराळा तयार करावा लागे. तथापि एकदा तयार झाल्यावर तो पृष्ठाच्या चौकटीत बसे.

ऑगस्ट १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररची तिसरी आवृत्ती आणली आणि तिच्यात ॲक्टिव्हएक्स ही विंडोजच्या अंतर्गत रचनेवर उभारलेली स्वतःची पद्धत दिली. एकाच कामासाठी आता दोन परस्परांना न कळणाऱ्या पद्धती अस्तित्वात आल्या. पृष्ठात बाह्य वस्तू बसविण्यासाठी एका पक्षाची 'एम्बेड' ही खूण होती, तर दुसऱ्याची भिस्त 'ऑब्जेक्ट' या खुणेवर होती. दोन्ही ब्राउझरांत पृष्ठ दिसावे अशी इच्छा असणाऱ्या पृष्ठकर्त्याला एका खुणेच्या पोटात दुसरी घालून तीच माहिती दोनदा लिहावी लागे. याशिवाय वाचकाच्या संगणकावर कोणते प्लगइन आहे आणि त्याची आवृत्ती कोणती, हे तपासणाऱ्या जावास्क्रिप्टच्या ओळी लिहाव्या लागत त्या वेगळ्याच. या पहिल्या टप्प्यात सुसंगतीचे ओझे संपूर्णपणे पृष्ठ लिहिणाऱ्यावर होते, असे म्हणावे लागते. इंटरनेट एक्स्प्लोरर काही काळ नेटस्केपच्या धाटणीचे प्लगइनही चालवीत असे. ही सोय २००१ मध्ये ५.५ या आवृत्तीच्या दुसऱ्या सुधारणेबरोबर काढून घेण्यात आली, आणि दोन पद्धतींमधला तो सेतूही नाहीसा झाला.

या काळात मॅक्रोमीडियाच्या फ्लॅश या प्लगइनला जे यश मिळाले, त्याचे एक कारण या दुहेरीपणातच सापडते. फ्लॅशचा निर्माता स्वतःच दोन्ही पद्धतींसाठी वेगवेगळे कार्यक्रम तयार करी. त्यामुळे पृष्ठकर्त्याला दोन खुणा लिहाव्या लागल्या, तरी आतील चित्र मात्र एकच राही. ज्या काळात एकाच पृष्ठाची मांडणी दोन ब्राउझरांत दोन तऱ्हांनी दिसे, त्या काळात हा लाभ लहान नव्हता.

प्लगइनच्या युगातील दोन प्रकरणे विशेष उद्बोधक आहेत. पहिले पेटंटचे. पृष्ठात परस्परसंवादी वस्तू बसविण्याच्या कल्पनेवर कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९४ मध्ये अर्ज केलेले पेटंट १९९८ मध्ये मंजूर झाले. त्याचे हक्क इओलास या कंपनीकडे होते. तिने १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि ऑगस्ट २००३ मध्ये ज्यूरीने सुमारे ५२ कोटी डॉलरांची भरपाई ठरविली. निकालाची झळ टाळण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये ब्राउझर असा बदलला की पृष्ठातील वस्तू सजीव होण्यापूर्वी वाचकाने तिच्यावर एकदा टिचकी मारणे आवश्यक झाले. परिणामी असंख्य पृष्ठे पुन्हा दुरुस्त करावी लागली. कारण तांत्रिक नव्हते, न्यायालयीन होते. २००७ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली, आणि २०१२ मध्ये दुसऱ्या एका दाव्यात टेक्सासमधील ज्यूरीने पेटंटातील दावेच अवैध ठरविले.

दुसरे प्रकरण दक्षिण कोरियाचे. अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या ब्राउझरांतील गुप्तलेखनावर त्या वेळी निर्यातीची कडक बंधने होती. कोरियाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सीड' नावाची स्वतःची गुप्तलेखनपद्धती सिद्ध केली आणि बँकव्यवहारांसाठी अधिकृत प्रमाणपत्रांची व्यवस्था उभारली. ब्राउझरांना सीड ठाऊक नसल्यामुळे ती ॲक्टिव्हएक्सच्या द्वारे पुरविण्यात आली. पुढे अमेरिकेने निर्यातीची बंधने सैल केली आणि मूळ अडचण दूर झाली, तरी व्यवस्था मात्र कायम राहिली. एका विशिष्ट ब्राउझरशी सुसंगत असणे ही एका राष्ट्राच्या आर्थिक व्यवहाराची अट होऊन बसली. त्या प्रमाणपत्रांचा विशेष कायदेशीर दर्जा डिसेंबर २०२० मध्ये संपुष्टात आला. तात्पुरत्या सोयीसाठी पत्करलेली सुसंगती कारण नाहीसे झाल्यावरही दोन दशके कशी टिकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

३. भारतीय लिपींचा प्रश्न

सुसंगतीच्या या इतिहासाशी मराठीचा संबंध अक्षरांच्या द्वारे येतो. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते, आणि त्याच वर्षी भारतीय मानक म्हणून इस्की ही संकेतप्रणालीही प्रसिद्ध झाली होती. तथापि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सामान्य संगणकावर या दोहोंपैकी कशाचाही पुरेसा आधार नव्हता. त्यामुळे भारतीय भाषांतील वृत्तपत्रांनी वेबवर पदार्पण करताना आपापल्या खाजगी फॉन्टचा अवलंब केला. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरीचे आकार बसविलेले असत. पृष्ठात साठविलेले असे ते रोमन चिन्हांचे निरर्थक कडबोळे, आणि वाचकाला दिसे ती मराठी. हा भास टिकण्यासाठी वाचकाच्या संगणकावर नेमका तोच फॉन्ट असणे आवश्यक होते.

फॉन्ट पृष्ठाबरोबरच पाठविण्याची सोय १९९७ मधील चौथ्या पिढीच्या ब्राउझरांनी केली. पण येथेही दोन पद्धती झाल्या. नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीची ट्रूडॉक ही पद्धत स्वीकारली, तर मायक्रोसॉफ्टने स्वतःची वेगळी पद्धत काढली. नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे मोझिलाच्या नव्या पायावर उभारलेल्या ब्राउझरात, ट्रूडॉकला स्थान उरले नाही. केवळ त्या पद्धतीवर विसंबलेले पृष्ठ नव्या ब्राउझरात अक्षरशः वाचता येईनासे झाले.

ही उणीव भरून काढण्याचा जो प्रयत्न झाला, तो एका एक्स्टेन्शनने केला. 'पद्मा' नावाच्या या साधनाचा आरंभ तेलुगूपासून झाला आणि पुढे त्यात देवनागरीसह अन्य भारतीय लिप्यांची भर पडली. खाजगी फॉन्टांतील संकेत ओळखून ते वाचकासमोर येण्यापूर्वीच युनिकोडमध्ये बदलणे, हे त्याचे कार्य. त्यामुळे फॉन्ट नसतानाही मजकूर वाचता येई. शिवाय तो शोधता येई आणि दुसरीकडे उतरवूनही घेता येई. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष मोलाची होती, कारण खाजगी संकेतांतील मजकुरावर शब्दसूची किंवा वारंवारता यांचे कोणतेही काम होऊ शकत नाही. वृत्तपत्रे यथाकाल युनिकोडकडे वळली आणि असल्या साधनाची दैनंदिन गरज ओसरली. परंतु त्या वर्षांतील जी पृष्ठे संग्रहालयांत जतन झाली आहेत, ती आजही त्याच जुन्या संकेतांत आहेत. त्यांचे वाचन अशा साधनांतील तक्त्यांवाचून होणे कठीण आहे.

४. मोझिलाची मुक्त रचना आणि विकासकांची साधने

नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा जानेवारी १९९८ मध्ये केली आणि ३१ मार्च १९९८ रोजी तो प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेल्या मोझिला प्रकल्पाने ब्राउझरच्या बाह्यांगासाठी, म्हणजे खिडक्या, बटणे व याद्या यांसाठी, झूल ही वेबच्याच धाटणीची खूणभाषा निर्माण केली. तिला वर्तन देण्याचे काम जावास्क्रिप्टने होई आणि रूप देण्याचे काम सीएसएसने. ब्राउझरची अंतर्गत यंत्रणा एक्सपीकॉम या व्यवस्थेतून याच जावास्क्रिप्टला उपलब्ध होती. ज्याला पृष्ठ लिहिता येई, त्याला थोड्या अभ्यासाने ब्राउझरही बदलता येऊ लागला.

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली, तेव्हा एक्स्टेन्शन हे तिचे एक प्रमुख वैशिष्ट्य होते. एक्स्टेन्शन म्हणजे काही फाइलींचा एक गठ्ठा असे. तो ब्राउझरच्या मूळ बाह्यांगावर आपला थर चढवी. या थराला कसलीही सीमा घालून दिलेली नव्हती. ब्राउझरचे जे अंग त्याच्या स्वतःच्या कारागिरांना उघडे होते, तेच एक्स्टेन्शनकर्त्यालाही उघडे होते. या रचनेचे सामर्थ्य आणि तिचे दौर्बल्य ही दोन्ही या एका गोष्टीतून निघतात. बाहेरच्यांसाठी निराळे असे कोणतेही नियम नसल्याने ब्राउझरच्या आतील प्रत्येक नाव, प्रत्येक खिडकीची घडण ही नकळत एक आश्वासन बनली. एखाद्या बटणाचे अंतर्गत नाव बदलले, तरी कुठल्या तरी एक्स्टेन्शनचे काम थांबे.

वेब डेव्हलपरच्या साधनांचा विकास याच मोकळ्या वातावरणात झाला. त्यापूर्वी पृष्ठातील चूक शोधण्याचा सर्वसाधारण मार्ग म्हणजे संशयित ठिकाणी सूचनेची चौकट उघडणारी ओळ घालणे आणि ती उघडते की नाही हे पाहणे. मोझिलात जावास्क्रिप्ट तपासणारे व्हेन्कमन आणि पृष्ठाची वृक्षरचना दाखविणारा डॉम इन्स्पेक्टर ही साधने होती. पुढे 'वेब डेव्हलपर' या नावाची साधनपट्टी लोकप्रिय झाली. परंतु जानेवारी २००६ मध्ये जो ह्युइट यांनी प्रसिद्ध केलेल्या फायरबगने या क्षेत्राचे स्वरूपच पालटले. ह्युइट हे डॉम इन्स्पेक्टरच्या आणि फायरफॉक्सच्या प्रारंभिक घडणीतही सहभागी होते.

फायरबगमध्ये पृष्ठावरील कोणत्याही घटकावर बोट ठेवले की त्याची खूण, त्याला लागू असलेले सीएसएसचे नियम आणि त्या नियमांची चढाओढ समोर येई. नियम तेथल्या तेथे बदलून त्याचा परिणाम त्याच क्षणी पाहता येई. जावास्क्रिप्टची चाल मध्येच थांबवून एकेक पायरीने तपासता येई. पृष्ठाने कोणकोणत्या फाइली मागविल्या आणि प्रत्येकीला किती वेळ लागला, हे आडव्या पट्ट्यांच्या आलेखात दिसे. पूर्वी ही कामे करावयाची तर निरनिराळी साधने लागत; ती एका चौकटीत आणल्यामुळे शिकण्याची रीतच बदलली. दुसऱ्याचे पृष्ठ उघडून, त्याची जोडणी पाहून आणि तिच्यात फेरफार करून वेबची विद्या आत्मसात करणारी एक पिढी या साधनावर वाढली. फायरबगने रूढ केलेले नोंदपटाचे आदेश इतर ब्राउझरांनी जसेच्या तसे उचलले, आणि आज त्यांचे स्वतंत्र मानकही आहे.

फायरबगवर आधारलेली आणखी एक्स्टेन्शने झाली. पृष्ठ मंद का आहे हे सांगणारे याहूचे वायस्लो २००७ मध्ये आणि गूगलचे पेज स्पीड २००९ मध्ये आले. दोन्ही आरंभी फायरबगच्या आत बसत. अशा रीतीने तीन मजली रचना उभी राहिली : तळाशी फायरफॉक्स, त्यावर फायरबग, आणि त्यावर वायस्लो. तळाच्या मजल्यावरील बदलाचा धक्का वरच्या दोघांना एकापाठोपाठ एक बसे.

५. आवृत्तिमर्यादेची प्रतिज्ञा

ब्राउझर बदलला की एक्स्टेन्शन बिघडते, हे मोझिलाला आरंभापासून ठाऊक होते. तिने योजलेला उपाय असा : प्रत्येक एक्स्टेन्शनबरोबर एक परिचयपत्र असावे, आणि ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत आपण चालतो, हे कर्त्याने त्यात नमूद करावे. वरची मर्यादा ओलांडली की ब्राउझर ते एक्स्टेन्शन बंद करी.

या योजनेतील वरची मर्यादा ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. खालची मर्यादा कर्ता अनुभवाने सांगू शकतो; वरची मर्यादा म्हणजे अद्याप जन्मास न आलेल्या आवृत्तीविषयीचे विधान. त्यामुळे मोझिलाच्या संकेतस्थळावर ज्ञात आवृत्त्यांपलीकडची मर्यादा घालता येत नसे. परिणाम असा, की नवी आवृत्ती आली की प्रत्येक कर्त्याने परत यावे, चाचणी घ्यावी आणि आकडा वाढवावा. ज्यांनी साधन लिहून दिले आणि पुढे दुसऱ्या उद्योगास लागले, त्यांची उत्तम चालणारी एक्स्टेन्शनेही केवळ आकड्याच्या अभावी बंद पडत. जाणते वापरकर्ते गठ्ठा उघडून तो आकडा स्वतः बदलीत. ही तपासणीच बंद करणारी साधनेही निघाली. या दुसऱ्या टप्प्यात ओझे एक्स्टेन्शनकर्त्यावर होते, आणि हे कर्ते बहुतांशी विनावेतन काम करणारे हौशी लोक होते.

मोठ्या आवृत्त्यांमध्ये वर्षाहून अधिक अंतर असे तोवर ही व्यवस्था कशीबशी चालली. फायरफॉक्स ३ जून २००८ मध्ये आला, ३.६ जानेवारी २०१० मध्ये आणि ४ मार्च २०११ मध्ये. त्यानंतर मोझिलाने क्रम बदलला. २१ जून २०११ रोजी पाचवी आवृत्ती आली आणि तेथून दर सहा आठवड्यांना एक, असा प्रघात पडला. वर्षातून एकदा जी चाचणी घ्यावयाची, ती आठ-नऊ वेळा घेणे हौशी कर्त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. मोझिलाने प्रथम यंत्राकरवी एक्स्टेन्शने तपासून आकडे आपणच वाढविण्यास सुरुवात केली. पुढे जानेवारी २०१२ मधील दहाव्या आवृत्तीपासून तत्त्वच उलटविले : यंत्रभाषेतील अंश असलेली व अन्य काही अपवादभूत एक्स्टेन्शने सोडून बाकी सर्व सुसंगतच आहेत असे गृहीत धरावयाचे, आणि बिघाड सिद्ध झाला तरच बंद करावयाचे. अशा प्रकारे सुसंगतीच्या सिद्धतेचा भार कर्त्याकडून ब्राउझरकडे आला.

याच सुमारास मोझिलाने दुसरीही वाट चोखाळली. २००९ मध्ये जेटपॅक या नावाने आरंभलेल्या आणि २०११ मध्ये ॲड-ऑन एसडीके म्हणून पूर्णत्वास आलेल्या या योजनेत कर्त्याला ठरावीक व स्थिर नियम दिलेले होते. ते पाळणाऱ्यास ब्राउझरच्या आतील बदलांची फिकीर करण्याचे कारण नव्हते. तथापि जुना खुला दरवाजा बंद केलेला नसल्यामुळे, नियमांत न बसणारे काम निघाले की कर्ते जुन्या मार्गाने आत शिरत. जेथे अमर्याद वाट उपलब्ध आहे तेथे मर्यादित वाट स्वेच्छेने कोणी धरीत नाही, हे या प्रयोगावरून दिसून आले.

६. एका तत्त्वाची समाप्ती

ब्राउझरने स्वीकारलेला हा भार अखेर एका अंतर्गत सुधारणेपाशी असह्य झाला. २००८ मध्ये आलेल्या गूगलच्या क्रोमने पृष्ठे निरनिराळ्या प्रक्रियांत चालविण्याची पद्धत रूढ केली. एक पृष्ठ कोसळले तरी ब्राउझर टिके, आणि घातक पृष्ठाला बाकीच्या यंत्रणेपासून दूर ठेवता येई. फायरफॉक्सला हीच घडण आणावयाची होती. परंतु जुनी एक्स्टेन्शने ब्राउझरचे बाह्यांग आणि पृष्ठ एकाच प्रक्रियेत आहेत असे धरून लिहिलेली होती. ती पृष्ठातील वस्तूंना थेट हात घालीत. त्यांच्यासाठी दोन प्रक्रियांमधून निरोप नेणारे कृत्रिम दुवे तयार करण्यात आले, पण त्यांनी गती मंदावे. ऑगस्ट २०१६ मधील ४८व्या आवृत्तीत नवी घडण प्रथम आली, ती एक्स्टेन्शने नसलेल्या काही वापरकर्त्यांपुरती. एक्स्टेन्शन बाळगणाऱ्यास सुधारणा मिळत नव्हती आणि सुधारणा हवी असणाऱ्यास एक्स्टेन्शन सोडावे लागत होते.

याची पूर्वसूचना २१ ऑगस्ट २०१५ च्या घोषणेत होती. झूल व एक्सपीकॉमवर आधारलेली एक्स्टेन्शने कालांतराने बंद होतील आणि त्यांच्या जागी क्रोमच्या नियमांशी बहुतांशी जुळणारी वेबएक्स्टेन्शन्स ही पद्धत येईल, असे मोझिलाने जाहीर केले. नव्या पद्धतीत एक्स्टेन्शनला ब्राउझरच्या आत पाहताच येत नाही. परवानगी मागून ठरावीक मागण्या तेवढ्या करता येतात. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी ५७वी आवृत्ती आली आणि जुनी एक्स्टेन्शने तिच्यात चालेनाशी झाली. दीर्घकाल आधार असलेली ५२वी आवृत्ती २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत तग धरून होती; त्यानंतर मोझिलाच्या संकेतस्थळावरून जुनी एक्स्टेन्शने उतरविण्यात आली.

फायरबगचा शेवट याहून थोडा निराळा झाला. ब्राउझरांनी त्याचे गुण स्वतःच्या अंगी आणले होते : मायक्रोसॉफ्टने २००९ मधील आठव्या आवृत्तीत, क्रोमने आरंभापासूनच, आणि फायरफॉक्सने २०११ पासून टप्प्याटप्प्याने. जून २०१४ मधील फायरबग २.० ही आवृत्ती ब्राउझरच्या नव्या तपासयंत्रणेवर पुन्हा बांधावी लागली. पुढे त्याचे कर्ते फायरफॉक्सच्या अंगभूत साधनांच्या कामात सामील झाले आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रकल्प समाप्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. साधन नाहीसे झाले, पण त्याची कल्पना प्रत्येक ब्राउझरात राहिली. ज्या साधनांची कल्पना कोणीच सामावून घेतली नाही, त्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

संशोधकांच्या दृष्टीने झोटेरोचे उदाहरण अधिक जवळचे आहे. संदर्भसूची ठेवण्याचे हे साधन जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहास व नवमाध्यम केंद्राने ऑक्टोबर २००६ मध्ये फायरफॉक्सचे एक्स्टेन्शन म्हणूनच प्रसिद्ध केले. नव्या पद्धतीत त्याचे संपूर्ण कार्य बसणे शक्य नसल्याने, जुलै २०१७ मधील पाचव्या आवृत्तीपासून ते स्वतंत्र कार्यक्रम झाले. ब्राउझरात उरला तो केवळ माहिती पोचविणारा दुवा. पण या स्वतंत्र कार्यक्रमाचा पाया फायरफॉक्सच्याच यंत्रणेचा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये सातवी आवृत्ती येताना तो पाया पुष्कळ नव्या यंत्रणेवर हलविण्यात आला, तेव्हा झोटेरोसाठी इतरांनी लिहिलेल्या प्लगइनना आपली साधने पुन्हा लिहावी लागली. पूर्वी पाहुणा असलेला आता यजमान झाला होता, आणि जो प्रश्न त्याने एकदा सोसला होता तो त्याच्याच पाहुण्यांपुढे उभा राहिला.

प्लगइनचा अंत याच दशकात झाला. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये एनपीएपीआय पूर्णतः काढून टाकले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅशखेरीज सर्व प्लगइन बंद केले. आणि फ्लॅशचा आधार अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी संपविला. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काइव्हने रफल या अनुकरणयंत्राच्या द्वारे फ्लॅशमधील कृती जतन करून दाखविण्यास आरंभ केला होता. येथे सुसंगतीचे ओझे एका चौथ्याच पक्षाकडे, म्हणजे संग्रहपालाकडे गेलेले दिसते.

७. मानकाची वाट आणि सत्तेचा प्रश्न

वेबएक्स्टेन्शन्समुळे एकच साधन थोड्या फरकाने क्रोम, फायरफॉक्स, ऑपेरा, एज, आणि २०२० पासून सफारी यांत चालू लागले. १९९६ मध्ये पृष्ठकर्त्याला करावे लागलेले दुहेरी लेखन एक्स्टेन्शनकर्त्याला बव्हंशी टळले, हा लाभ निःसंशय मोठा आहे. जून २०२१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या आश्रयाने या पद्धतीसाठी एक समुदायगटही स्थापन झाला.

तथापि या व्यवस्थेत एक नवे अवलंबन शिरले. नियम स्थिर असले तरी ते ठरविणारा कोणी तरी असतोच. क्रोमने २०१८ च्या अखेरीस मांडलेल्या आणि २०२१ च्या जानेवारीत उपलब्ध केलेल्या तिसऱ्या मॅनिफेस्टमध्ये जाळ्यावरील मागण्या अडवून तपासण्याची सामान्य एक्स्टेन्शनला असलेली जुनी मुभा काढून घेऊन, आगाऊ लिहून दिलेल्या नियमांची यादी तेवढी ठेवली. जाहिराती रोखणाऱ्या साधनांना याचा मोठा फटका बसला. जून २०२४ पासून क्रोमने दुसऱ्या मॅनिफेस्टवरील एक्स्टेन्शने क्रमाक्रमाने बंद करण्यास सुरुवात केली. फायरफॉक्सने जानेवारी २०२३ मध्ये तिसरे मॅनिफेस्ट स्वीकारले, पण जुनी मुभा कायम ठेवली. एकरूप झालेली भाषा अशा रीतीने पुन्हा दोन बोलींकडे झुकू लागली.

स्वाक्षरीच्या सक्तीचीही हीच कथा. घातक एक्स्टेन्शनांना आळा बसावा म्हणून मोझिलाने आपल्या स्वाक्षरीवाचून एक्स्टेन्शन चालणार नाही असा नियम केला. त्यातून सुरक्षितता वाढली. परंतु ३ व ४ मे २०१९ च्या सुमारास स्वाक्षऱ्यांच्या साखळीतील एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या वापरकर्त्यांची एक्स्टेन्शने एकाच वेळी बंद पडली. त्या दिवशी ना ब्राउझर बदलला होता, ना एक्स्टेन्शन. बदलली होती ती केवळ तारीख.

८. निष्कर्ष

वरील इतिहासावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : सुसंगतीचे श्रम कधीच नाहीसे झाले नाहीत, ते पृष्ठकर्त्याकडून एक्स्टेन्शनकर्त्याकडे, त्याच्याकडून ब्राउझरकडे, आणि अखेर मानक ठरविणाऱ्यांकडे व संग्रहपालांकडे सरकले. दुसरी : मोकळीक आणि टिकाऊपणा यांचा या क्षेत्रात वारंवार विरोध आला. सर्व काही उघडे ठेवणाऱ्या रचनेने फायरबगसारखी साधने शक्य केली, आणि त्याच रचनेने ब्राउझरला स्वतःत बदल करणे अवघड केले. सीमा आखणाऱ्या रचनेने साधने अधिक काळ टिकण्याची शक्यता निर्माण केली, पण कोणते साधन संभवते हे ठरविण्याचा अधिकार सीमा आखणाऱ्याकडे दिला. तिसरी गोष्ट संशोधनाच्या व्यवहाराची आहे. ज्या साधनाने सामग्री गोळा केली, ते साधन दहा वर्षांनी चालेल असे गृहीत धरता येत नाही. यास्तव सामग्री साधनाच्या स्वतःच्या धाटणीत न ठेवता प्रसिद्ध मानकांत ठेवणे, आणि साधनाचे नाव व आवृत्ती तिच्याबरोबर नोंदवून ठेवणे, ही अभ्यासकाची प्राथमिक जबाबदारी ठरते.

मराठीच्या अभ्यासाला हा मुद्दा विशेषच लागू आहे. वेबवरील मराठी गद्याची पहिली काही वर्षे खाजगी फॉन्टांच्या संकेतांत पडून आहेत. त्या संकेतांचे तक्ते विखुरलेल्या आणि बंद पडलेल्या साधनांत आहेत. ते एकत्र करून, युनिकोडशी ताडून, मोकळ्या मजकुराच्या स्वरूपात प्रसिद्ध करणे हे काम एखाद्या विद्यापीठीय विभागाच्या आवाक्यातील आहे, आणि त्याला कोणत्याही ब्राउझरच्या अनुमतीची गरज नाही.